पुढचं तू घे

प्रिय ठमाबाई,

रविवारी तू फोन आपटलास असं मी म्हणणार नाही, कारण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. पण गप्प झालीस ती एकदमच झालीस. त्याआधी जे म्हणालीस ते अजून माझ्या कानात आहे. तुम्ही दोघांनी जन्मभर साऱ्या जगाचं बोलणं इकडून तिकडे पोचवलंत, आणि आता आईचं एक वाक्य तुला माझ्यापर्यंत पोचवता येत नाही का, बाबा? मला राग नाही आला. तोंडात मारल्यासारखं झालं एवढंच. फोनवर मला उत्तर देता येत नाही, कारण ती शेजारीच बसलेली असते आणि तिच्यादेखत तिच्याविषयी बोलणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून आज ती दुपारची झोपली आहे तोवर लिहायला बसलोय. लांबण लागेल. तुझ्या बापाला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुझा प्रश्न साधा आहे हे मला कळतं. तुमच्या इमारतीतलं तळमजल्याचं घर रिकामं झालंय, घरमालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे, जावईबापूंनी बाथरूमला दांडे बसवायचंही ठरवून ठेवलंय. आई यायला तयार आहे की नाही, तेवढं मी तिला विचारून कळवावं, एवढंच तुला हवंय. तिचं आयुष्य आहे, तिनंच ठरवायला हवं, हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी तुझ्या जागी असतो तर हेच विचारलं असतं, आणि एवढं साधं उत्तर मिळत नाही म्हणून माझाही असाच भडका उडाला असता.

तुला आमचा बूथ आठवतो? सभागृहाच्या मागच्या भिंतीतली ती दुभाष्यांची काचेची खोली. तुला सांभाळायला कुणी नसलं की आम्ही तुला तिथं खाली सतरंजीवर बसवायचो आणि तू आवाज न करता रंगवत बसायचीस. आम्ही दोघं शेजारी शेजारी, एक माइक, दोन हेडफोन. अर्धा तास ती, अर्धा तास मी. बोलणारा दमला की दुसऱ्यानं उचलायचं, तेही चालत्या वाक्यातून, ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. माइक चालू असल्यामुळे सांगायचं कसं? म्हणून तिनं ती खूण काढली होती. हात टेबलावर पालथा ठेवायचा. पुढचं तू घे. जिथं मी थांबले तिथूनच घे, पहिल्यापासून नको. इतक्या वर्षांत आम्ही त्या हाताला कधी नाही म्हटलं नाही. घरी भांडून आलेलो असू, एकमेकांचं तोंड बघवत नसेल, तरी हात टेबलावर आला की दुसरा बोलायला लागायचा. आणि तू तरी काय कमी होतीस! पाढे म्हणताना तेराच्या पाढ्यात अडलीस की इवलासा हात टेबलावर ठेवून आमच्याकडे बघायचीस.

त्या कामात ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, तुला सांगायला हरकत नाही. आपल्या भाषेचा स्वभाव असा की सगळं बिऱ्हाड आधी येतं आणि घरधनी शेवटी. कोण, कुणाला, कुठे, कशासाठी, सगळं सांगून होतं. पण केलं की मोडलं, हवंय की नकोय, ते अगदी टोकाला कळतं. जपानीत तेच. जर्मन माणूस पोटवाक्यात शिरला की तोही क्रियापद खिशात घालून फिरतो. उलट तू राहतेस त्या देशाच्या भाषेत दार उघडल्या उघडल्या क्रियापद समोर उभं. तेव्हा आपल्या माणसाचं बोलणं तिकडच्या भाषेत नेताना दुभाष्यानं करायचं काय? तो क्रियापदाशी पोचेपर्यंत गप्प बसायचं, की अंदाजानं उडी घ्यायची? मी उडी घेणारा. ती थांबणारी. एकदा एक पुढारी मोठ्या आवेशात ‘या सूचनेला मी, माझे सहकारी, आमची पूर्ण संघटना मनापासून पाठिंबा…’ असं म्हणत आला, आणि मी बेधडक पाठिंबा देऊन टाकला. त्यानं ‘देऊ शकत नाही’ असं वाक्य संपवलं तेव्हा तिनं हेडफोन काढून माझ्याकडे असं पाहिलं की ठमे, मी निस्तरताना घामाघूम झालो. त्या दिवसापासून घरात माझं नाव ‘बेधडक’ पडलं ते पडलंच.

आता तिचं काय झालंय ते ऐक. तू आलीस तेव्हा ती मेंदूच्या झटक्यानंतर इस्पितळात होती, बोलतच नव्हती, त्यामुळे हे तू पाहिलेलं नाहीस. शब्द परत आलेत. नावं येतात. घर, पाणी, खिडकी, ठमी, डॉक्टर. पण त्यांना जोडणारं काही येत नाही. घराला, घरातून, घराचं, यातलं शेपूट गळून नुसतं घर उरतं. आणि क्रियापद येतच नाही. वाक्याच्या टोकाशी येते आणि थांबते, ओठ हलतात, डोळ्यांत दिसतं की आत सगळं लख्ख आहे, आणि मग काही नाही. वाचोपचाराच्या, म्हणजे बोलणं परत शिकवणाऱ्या बाई, ज्यांना मी मनात धीराच्या बाई म्हणतो कारण त्या येता-जाता धीर धरा सांगतात, त्यांनी मला पहिल्याच दिवशी तंबी दिली. वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागला तरी तोंड बंद. मला! ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करून पोट भरलं त्याला!

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ती म्हणाली, पाणी… खिडकी… मी धावत पेला भरून आणला, खिडकी लावून घेतली, वर पांघरूण घातलं. ती अशी चिडली की पेला जमिनीवर. मग कळलं की खिडकीतल्या कुंड्या सुकल्या होत्या. डॉक्टरांकडे तर मी कहरच केला. डॉक्टरांनी तिला विचारलं, कसं वाटतंय? ती अडखळली, आणि माझ्यातला दुभाष्या जागा झाला. आम्ही बोलणाऱ्याच्या जागी ‘मी’च म्हणतो ना, ‘त्या म्हणतात’ वगैरे नाही. मी ताठ बसून सांगितलं, मी फार थकले, माझा उजवा हात जड झालाय, रात्री मला भीती वाटते. एवढ्या मिशीतून ‘थकले’ ऐकल्यावर डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझाच हात हातात घेऊन नाडी बघायला लागले. तुझी आई हसली, ठमे. आजारपणानंतर पहिल्यांदा, अर्ध्याच तोंडानं, पण खळखळून. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मनात आलं की थकले ते ठीक, पण ‘रात्री भीती वाटते’ हे तिचं होतं की माझं? मला अजून सांगता येत नाही.

आणखी एक वेडेपणा केला तो कुणाला सांगितला नाही. मनात आलं, तुमच्या तिकडची भाषा तिला माझ्याइतकीच येते. तिथं क्रियापद सुरुवातीलाच. दम संपायच्या आत उरकून जाईल आणि बाकीचं सावकाश येईल. एका दुपारी मी तिच्याशी त्या भाषेत बोलायला लागलो. तिचे डोळे चमकले. तिनं ‘मी’ म्हटलं, आणि तिथंच भिंत लागली. पुढे घर नाही, पाणी नाही, काही नाही. आपल्या भाषेत निदान सगळं बिऱ्हाड बाहेर आल्यावर ती अडते, समोरच्याला थोडंफार उमजतं. तिथं ती उंबऱ्यातच अडली. दोन-तीनदा प्रयत्न करून तिनं डोळे मिटून घेतले. संध्याकाळपर्यंत ती आपल्या भाषेतही बोलली नाही, आणि मी घरभर उगाच भांडी आवरत फिरलो.

हे तुला सांगायचं कारण, तुझ्याकडे आली तर तिच्या कानावर दिवसभर तीच भाषा पडणार. तू कामावर, तुझी धाकटी शाळेत, बोलणं शिकवणाऱ्या बाईही तिकडच्याच. आणि धीराच्या बाई म्हणतात, जी काही सुधारणा व्हायची ती या वर्षात, आणि तीही रोज वापरात असलेल्या भाषेतच जास्त. म्हणजे राहावं हे बरं. पण राहायचं कसं? तिला बाथरूममध्ये उचलताना माझी कंबर धरली तेव्हापासून मी पट्टा बांधून हिंडतोय. परवा ती खुर्चीतून घसरली आणि मला तिला उचलता येईना. खालच्या शिंप्याला हाक मारली, तो वर येईपर्यंत मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून होतो. दोघं शेजारी शेजारी, बूथसारखे. ती माझी समजूत काढत होती बहुतेक. बेधडक, बेधडक, एवढंच म्हणत होती. म्हणजे यावं हेही बरं. माझे हात टेकलेत, ठमे. दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

रविवारी तू फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं. समोर बसून नाही, कारण समोरासमोर ती बावरते. जेवणाच्या टेबलाशी तिच्या डाव्या बाजूला बसलो, आमच्या जुन्या जागांवर. ठमीकडे जाऊन राहायचं का, की इथंच, असं नीट, हळू विचारलं. तिला प्रश्न कळला याची मला खात्री आहे. तिनं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, ठमी… घर… मी… आणि थांबली. मी तोंड उघडलं नाही. जीभ दातांखाली धरून बसलो. पुन्हा म्हणाली, मी… ओठ हलले. चहावर साय धरली. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात, जो चालतो तो, टेबलावर पालथा ठेवला.

त्या हाताला मी कधी थांबवून ठेवलं नव्हतं. पण बूथमध्ये बोलणारा समोर मंचावर असायचा. त्यानं जे म्हटलंय तेवढंच पुढे न्यायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा पहिला नियम. आणि जोडीदाराचा हात आला की उचलायचं, हा दुसरा. इथं बोलणारीही तीच आणि जोडीदारही तीच. तिला म्हणायचं होतं का, की मी दमले, तू ठरव? की सगळं सांगून झालंय, एवढा शेवटचा शब्द तुला ठाऊक आहे, म्हण? ‘मी येते’ म्हणणं मला काय अवघड आहे? ‘मी येत नाही’ म्हणणं तरी काय? तू दोन्हींवर विश्वास ठेवला असतास. पण ती माझी कंबर बोलली असती, किंवा माझी भीती बोलली असती, तिच्या आवाजात. तुर्की भाषेत एक सोय आहे, क्रियापदाच्या शेपटीतच सांगता येतं की हे मी स्वतः पाहिलेलं नाही, कळलंय म्हणून सांगतोय. तसं शेपूट लावूनसुद्धा मला तिचं उत्तर सांगता येणार नाही, कारण कळलेलंच नाही. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. त्या खुणेला असं काही उत्तर नव्हतं, पण दुसरं काय करणार? तिनं हात काढून घेतला नाही. नंतर मान फिरवून पुन्हा खिडकीकडे बघायला लागली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्याच खुर्चीत बसते, तेच तीन शब्द म्हणते आणि हात टेबलावर ठेवते. रोज मी गप्प बसतो. तिला वाटत असेल, याला झालंय काय, हा उचलत का नाही. म्हणून हे पत्र. तिचं उत्तर कळवायला नाही, ते माझ्याकडे नाही. घरमालकाला काय सांगायचं ते सांग, घर जाणार असेल तर जाऊ दे, पण महिना संपायच्या आत तू एकदा ये. न्यायला नको, ठेवायला नको. तिच्या दुसऱ्या बाजूला बस आणि तूच विचार. तुझ्या तोंडाकडे बघून तिला जे सुचेल ते माझ्याकडे बघून सुचत नसेल. आणि तुझ्यासमोरही तिनं हात ठेवला तर निदान आपण दोघं असू, मी एकटा नसेन. ती जिथं थांबली तिथपर्यंत मी आणून पोचवलंय: ठमी… घर… मी… पदरचं काही घातलेलं नाही. यापुढे मला जमत नाही, बाळा. हे लिहिताना माझा डावा हात टेबलावर आहे, पालथा. पुढचं तू घे.

तुझाच, आणि या वेळी उडी न घेतलेला,
बेधडक बाबा