माझा सर्व्हर, माझे नियम

१ ऑगस्ट २००६, मंगळवार
सर्व्हर सुरू. हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, माझ्या कॉम्प्युटरवर. आता नाशिकमधला कोणीही नेटवरून माझ्या घरात येऊन बंदुकांचा गेम खेळू शकतो. राउटर सेट करायला बारा दिवस लागले. सामान्य माणसाला वर्ष लागलं असतं.

बाबांशी चर्चा झाली. म्हणजे ते बोलले. ऑगस्टच्या कुठल्याही एका रविवारी आठ जण सलग तासभर टिकले, तर ते गप्प बसणार. नाहीतर एक सप्टेंबरपासून मी अंबडला, त्यांच्या ओळखीच्या कारखान्यात. मला हसू आलं. आठ काय, ऐंशी येतील.

२ ऑगस्ट
नऊ नियम केले. खेळणारी जनता अडाणी, शिस्त हवीच. नियम ४: शहाणपणा शिकवणाऱ्याला कायमची बंदी. नियम ९: अ‍ॅडमिनचा शब्द अखेरचा. टाइप तृप्तीने केले. बहीण अकरावीत आहे, तेवढं जमतं तिला.

६ ऑगस्ट, रविवार
पाच आले. एकाने मला दोनदा पाठीमागून गोळी घातली. बॅन. दुसरा त्यावर हसला. तोही बॅन. उरलेले तिघे आपणहून गेले. दर्जा टिकला.

९ ऑगस्ट
लोडशेडिंग. लाइट गेली की सर्व्हरचा पत्ता बदलतो, मग ही मंडळी नवे आकडे विचारायला घरच्या फोनवर फोन करत बसतात. असली कारकुनी मी करणार नाही. तृप्तीला पासवर्ड देऊन टाकला. तीच सर्व्हर चालू करते, तीच आकडे सांगते. मी धोरण बघतो.

१३ ऑगस्ट, रविवार
सहा जण आले आणि सर्व्हर अडकायला लागला. कारण उघड होतं: दिंडोरीचा दत्तू. द्राक्षबागेत औषध मारून येतो आणि कसल्यातरी फाटक्या लाइनवरून खेळतो. बॅन केला. तरी सर्व्हर बंदच पडला.

दत्तूचा फोन आला. म्हणाला, "दादा, सर्व्हर लय भारी हाय. फक्त तुम्ही बोलायला लागले ना, की मजा जाती." बोलायची पद्धत नाही या लोकांना.

संध्याकाळी कळलं, धूळ बसू नये म्हणून आईने सीपीयूला पडद्याच्या उरलेल्या कापडाचं झाकण शिवून घातलं होतं. मशीन भट्टीसारखं तापलं होतं. दत्तूची बंदी मात्र उठवली नाही. शब्द फिरवला की दरारा संपतो.

२० ऑगस्ट, रविवार
आठ जण. बरोबर आठ. बाबा सोफ्यावर घड्याळ घेऊन बसलेले. एकावन्न मिनिटं झाली. पण काय तो खेळ. जिना सोडून सगळे एकाच दारात गर्दी करत होते. मला बघवेना. गेम थांबवला आणि जिन्याचं महत्त्व सविस्तर लिहून पाठवलं. पाठवून वर बघतो तर सर्व्हरवर मी एकटा.

बाबांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि चहा मागितला.

हरकत नाही. पुढचा रविवार आहेच. जय्यत तयारी करणार.

२७ ऑगस्ट, रविवार
गणेश चतुर्थी. कॅलेंडर आधी बघायला हवं होतं, हे आईचं मत. शून्य जण. सगळे गणपती आणायला गेलेले. देशाची प्रगती का होत नाही ते कळलं.

१ सप्टेंबर
अंबड. पट्टीला भोकं पाडायची. सुपरवायझर गोटीराम म्हणाले, "इथं डोकं लावू नको, ड्रिल लाव." सुट्टी शनिवारी, म्हणजे रविवारी कामावर. सर्व्हर आता माझ्याविना पडणार. पडू दे. किंमत कळेल.

१० सप्टेंबर, रविवार
शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता द्वारका चौकातल्या नेट कॅफेत गेलो. गुप्त पाहणी. आवाज बदलून घरी फोन केला, आकडे विचारले. तृप्तीने सावकाश, दोनदा सांगितले. वर "नियम वाचून घ्या हं" म्हणाली. इतक्या प्रेमाने ती माझ्याशी कधी बोलत नाही.

सर्व्हरवर अकरा जण. दत्तूसुद्धा. आणि सगळे परत त्याच दारात. मी फक्त जिन्याबद्दल तीन ओळी लिहिल्या. चौथी लिहिता लिहिता स्क्रीनवर आलं: नियम ४, कायमची बंदी.

घरी आलो. बाबा सोफ्यावर, घड्याळ हातात. म्हणाले, अकरा जण, पावणेदोन तास. कौतुकाने सांगत होते. तृप्तीच्या.

तिला सहज विचारलं, आज काही त्रास झाला का. म्हणाली, "एक जण आला होता. फार बोलत होता, दादा. काढला."

बरं केलंस म्हटलं. नियम म्हणजे नियम.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही.

उद्या पावणेसहाला कंपनीची बस.