तुझ्या मापाची सायकल

रविवार, १५ मार्च

प्रिय लांबे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचं घोरणं सोडलं तर घरात तक्रारीला जागा नाही. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. डॉक्टरांनी चढावर सायकल मारायला मनाई केली म्हणजे आता तू विजेवरची घेणार, हे ओघानं आलंच. ‘ताई, तू एवढी दुकानं पालथी घातलीस, कोणती घेऊ ते तूच सांग,’ असं लिहिलं आहेस. तू मला काहीतरी विचारलंस याचं मला इतकं अप्रूप वाटलं की ती ओळ मी शेजारच्या काकूंना वाचून दाखवली.

तर ऐक. मोटर चाकात बसवलेली नको, पायडलपाशी बसवलेली घे. आपल्याकडच्या चढावर चाकातली मोटर लवकर तापते आणि धापा टाकते. बॅटरी कॅरियरवर नको, खाली दांडीत हवी, नाहीतर वळणावर मागून कुणी पदर ओढल्यासारखं वाटतं. ब्रेक डिस्कचेच. चढ कसाही चढता येतो, देव आठवतो तो उतारावर.

बुटक्या माणसाला याखेरीज आणखी पुष्कळ बघावं लागतं. मधली दांडी खाली वाकलेली हवी, चाकं लहान हवीत, सायकल आपल्याला उचलून सावरता येईल इतकी हलकी हवी आणि ब्रेकची मूठ आखूड बोटांना पोचायला हवी. पण सगळ्यात आधी, सीटवर बसून पाय जमिनीला नीट टेकतात का ते. तुला यातलं काहीच बघायला नको. तू दुकानात शिरशील, टांग टाकशील आणि निघशील. तुझं सगळं असंच.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

लोकांच्या घरी थोरलीचे कपडे धाकटीला होतात. आपल्याकडे कारभार उलटा. तू सातवीत माझ्या डोक्याच्या वर गेलीस आणि तेव्हापासून तुला आखूड झालेले फ्रॉक, तुला घट्ट झालेला रेनकोट, एवढंच काय, तुझी शाळेची सायकलसुद्धा माझ्याकडे आली. ‘तिला होत नाही गं, तू वापर,’ असं आई पाहुण्यांसमोर म्हणायची आणि पाहुणे हसायचे. शिवण मी हौसेनं शिकले असं सगळ्यांना सांगते. खरं कारण म्हणजे एखादा तरी कपडा आधी माझ्या अंगाला लागावा.

आता लेकीचं. परीक्षा झाली की ती कॉलेजसाठी तुझ्याकडे राहायला येणार, हे ठरलंच आहे. म्हणजे तुम्ही दोघींनी ठरवलं आणि मला कळवलं. तीही तुझ्यासारखीच ताडमाड झाली आहे. तू आलीस की दोघी सायकली काढता आणि टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत जाता. मी खाली मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटला पट्टी मारत असते. परत येता त्या लालबुंद होऊन, असल्या कशावर तरी हसत की मला ते समजावून सांगावं लागतं, आणि समजावल्यावर हसू येत नाही. जेवताना तिचं ‘मावशी म्हणते’ सुरू झालं की मी वाढायचं थांबवून पाणी प्यायला उठते. जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

म्हणून मला सायकल हवी होती. भाजीसाठी, गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला जाण्यासाठी, असं तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे ती जायच्या आत मला एकदा तिच्याबरोबर वर जायचं होतं. तुझ्याशिवाय.

हवी होती म्हणाले. घेतली. तुला सांगितलं नाही.

दुकानातल्या मेकॅनिकनं विचारलं, ‘ताई, पायाचं आतलं माप काय?’ माझ्या तोंडून निघालं, ‘बत्तीस.’ ते माप तुझं. इतकी वर्षं तुझ्या पँटी शिवते, तुझं माप मला झोपेतही सांगता येतं. माझं सव्वीस आहे. तो माझ्या पायांकडे बघून जरा घुटमळला, पण मी शिवणकाम करते हे त्याला माहीत. ‘तुमचं माप काय चुकणार!’ म्हणाला आणि त्यानं उंच सायकल काढली. तेव्हाच ‘चुकले’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. काचेत मी त्या सायकलवर दिसले आणि, कशी दिसले सांगू, तुझ्यासारखी दिसले. पाय फुटपाथच्या कडेवर टेकला होता, ते काचेत दिसत नव्हतं.

परवा सकाळी आम्ही निघालो. मोटर फार गुणाची आहे, चढावर अशी चालते की मी गाणं गुणगुणत होते. पाण्याच्या टाकीपाशी वळणावर समोरून दुधाची गाडी आली. थांबले, पाय खाली टाकला आणि खाली जमीनच नाही! उताराच्या बाजूला पडले आणि ते अख्खं धूड माझ्यावर.

पोरगी वरून धावत आली. सायकल बाजूला केली, मला कठड्यावर बसवलं, कोपर पुसलं. मग म्हणाली, ‘आई, ही मावशीच्या मापाची का घेतलीस?’

‘दुकानात हीच होती.’

‘मी बघितल्यात ना दुकानात. लहानही होत्या.’

मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. तिला कळलं असावं. तिनं आपली सायकल टाकीच्या कुंपणाला लावली आणि म्हणाली, ‘चल, चालत जाऊ. तुझी मी ढकलते.’ या सायकलीला एक बटण आहे, ते दाबलं की ढकलताना ती आपणहून हळूहळू वर सरकते. तशा आम्ही तिघी वर गेलो. मी लंगडत होते, आणि ती, जिला कधी कुणासाठी थांबता येत नाही, ती माझ्या चालीनं चालत होती. अर्ध्या वाटेत तिनं सांगितलं की तुझ्याकडे यायची तिला भीती वाटते. नवं गाव, नवे लोक, आणि मावशीला वाटते तेवढी आपण धीट नाही हे मावशीला कळलं तर?

हे तिनं तुला सांगितलेलं नाही. मला सांगितलं. त्या क्षणी माझं कोपर दुखायचं थांबलं. तिला मी पाठवणारच आहे, काळजी करू नकोस. पण कधी ती गप्प बसली तर तिला चढाला नेऊ नकोस, तिच्याबरोबर चाल.

आणि गुडघ्याचं. तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं होतं गं. चला, हिचंही काहीतरी बिघडलं, असं मनात आलं. वाईट वाटलं ते नंतर, पण वाटलं ते खरंखुरं. रोज तीळतेल कोमट करून लाव आणि माझ्यावर रागवायचं असेल तर बसून रागाव.

मेकॅनिकनं माझ्यासाठी लहान चाकांची, वाकलेल्या दांडीची बाजूला काढून ठेवली आहे. या वेळी टेप मी स्वतःच्या पायाला लावली. तेव्हा तू नवी बघू नकोस. लेकीला न्यायला येशील तेव्हा ही घेऊन जा. डाव्या मुठीला खरचटलं आहे, ती माझी खूण. सीटला नवं कव्हर शिवलं आहे.

माझी वापरलेली आहे. मला होत नाही गं, तू वापर.

तुझी थोरली,
टिल्लूताई