शहापुरातला पहिला रोगी

४ जानेवारी १९३८

आप्पा पुन्हा दाराची चौकट खरवडत होते! नखातून रक्त आलं तरी थांबेनात. हात धरला तर म्हणाले, "फुली पुसतोय. आपल्याच दारावर फुली दिसली तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

फुली कसली डोंबलाची. मागच्या उन्हाळ्यात रंग दिलाय त्या चौकटीला.

पण आप्पांच्या लेखी हे साल १९३८ नाहीच. दिवाळीत टांग्यातून पडले. डोक्यात रक्त साकळलं. डॉ. नेसरीकरांनी डाव्या बाजूनं कवटी उघडून ते काढलं, जीव वाचवला. गावात असलं ऑपरेशन कोणी ऐकलंही नव्हतं. हाडाचा तुकडा परत बसवला नाही. त्या जागी नुसतं कातडं आहे आणि ते हळूहळू वरखाली होतं. मला तिकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

तेव्हापासून हे सुरू. सकाळी ठीक असतात — पेपर मागतात, मला, आपल्या लेकीला, पद्मजा म्हणून हाक मारतात. दुपार कलली की गेले प्लेगच्या सालात! मग ते म्युनिसिपालटीचे प्लेग इन्स्पेक्टर दत्तोपंत. घरोघर तपासणी. रोगी सापडला की दारावर गेरूची फुली, रोगी गावाबाहेरच्या छपरात, घराची कौलं उतरवून आत ऊन. हे सगळं त्यांनी तेव्हा खरोखर केलेलं. आता हुकूम मला — "कौलं उतरवा!"

तिन्हीसांजेला घरात कोणीतरी तिसरं असल्यासारखं वाटतं. मी घाबरट नाही. तरी वाटतं.

७ जानेवारी

मुंबईहून माझ्या प्राध्यापकांचं पत्र. प्रबंधातलं प्लेगचं प्रकरण त्यांना फार आवडलं. शाळेत मुलींना व्याकरण शिकवून उरलेल्या वेळात लिहिलेलं, म्हणून जास्तच आनंद!

त्यांचा एकच प्रश्न — त्या साली शहापुरात रोग शिरला कसा?

प्रश्न बरोबर आहे. बेळगावात इंग्रजांची म्युनिसिपालटी, शहापूर सांगलीच्या संस्थानात. मधे चार पावलांचा रस्ता. इकडे सक्तीची तपासणी, तिकडे ती लागूच नाही. मग इकडचे लोक काय करणार? आपला रोगी पांघरुणात गुंडाळायचा, रस्ता ओलांडून पलीकडे लपवायचा. त्यानंतर कोष्ट्यांच्या गल्लीत माणसं पटापट मेली, एवढं ठाऊक आहे. पहिला रोगी कोण, कोणी आणला, ते कोणीच सांगत नाही. दोन वर्षं विचारतेय. सगळे हातमागाकडे बघतात.

आज एक वाक्य लिहिलं. 'ज्यांनी आपलं माणूस लपवलं, त्यांनी शेजाऱ्याचं घर बुडवलं.' वाचून बरं वाटलं. परखड आहे. ते काढायचं नाही.

थंडी फार. काखेतला तो जुना व्रण — लहानपणी करट झालं होतं म्हणे — पोलक्याच्या शिवणीला घासून खाजतोय.

१२ जानेवारी

आज भलतंच झालं.

गुणाबाई परसात भाकरी खात होत्या. शहापूरच्या कोष्टी गल्लीतून त्या रोज येतात, झाडलोट करतात, पाणी भरतात. आई गेल्यापासून येतात. माझे केस त्यांनीच विंचरले, मला त्यांनीच न्हाऊ घातलं. आज त्यांच्या फडक्यात कांदा होता. त्यांनी बुक्कीनं फोडला आणि वास आत गेला.

आप्पा धावतच बाहेर आले! म्हातारा माणूस, पण असा ओरडला — "टाक तो कांदा! गोदू, टाक म्हणतो ना!" आणि गुणाबाईंच्या हातातला कांदा हिसकावून भिंतीपलीकडे भिरकावला. मग मटकन खाली बसून रडायला लागले.

गोदू म्हणजे माझी आई. गोदावरी. प्लेगच्या छपरात गेली. मी चार वर्षांची होते. तिचा चेहराही आठवत नाही. तेव्हाचं काही आठवत असेल तर फक्त मागाची खटखट, अगदी कानाशी. आमच्या गल्लीत तर एकही माग नाही.

आमच्या घरात कांदा कधीच आला नाही. मी समजत होते सोवळं म्हणून.

गुणाबाईंनी उरलेली भाकरी कोरडीच खाल्ली.

१५ जानेवारी

डॉ. नेसरीकर येऊन गेले. आप्पांच्या डोळ्यात दिवा धरून बघितलं, उजव्या हातानं आपली बोटं दाबायला लावली. मग मला ओसरीवर बोलावलं.

"आत पाणी साठतंय, पद्मजाबाई. दुपारपर्यंत दाब वाढतो, म्हणून दुपारीच तसं होतं. ते काढलं पाहिजे. पुन्हा ऑपरेशन."

"मग प्लेगचं साल?"

"बहुतेक जाईल. पुसलं जाईल म्हणा ना." दिवा पेटीत ठेवत म्हणाले, "खरं सांगतो, मला या केसवर निबंध वाचायचाय. अशी केस मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाही. मला त्यांना असंच ठेवायला आवडलं असतं. तरी सांगतो, लांबवू नका. उजवा हात ढिला पडतोय. पुढं वाचा जाईल."

मी म्हटलं, विचार करून कळवते.

विचार कसला करायचाय? आप्पांना सगळं ठाऊक आहे. शहाण्या दत्तोपंतांनी जन्मभर एक अक्षर काढलं नाही, ना प्लेगचं, ना आईचं. हे वेडे दत्तोपंत बोलतात. दार उघडं आहे आणि मीच ते लावून घ्यायचं?

थोडे दिवस. फक्त थोडे दिवस!

१८ जानेवारी

आज मी गोदू झाले.

लाज वाटते लिहायला, पण लिहिते. आईचं जुनं इरकली लुगडं पेटीतून काढलं आणि नेसले. दुपार कलल्यावर आप्पांपुढे जाऊन बसले. त्यांनी बघितलं... कसं बघितलं! मी त्यांची लेक होऊन एकतीस वर्षं काढली, मला कधी तसं बघितलं नव्हतं.

"पोर पोचलं गं पलीकडे," हळूच म्हणाले.

मी पदर पुढे ओढून विचारलं, "कुठं ठेवलंत?"

"माग आहे त्या घरात. खटखटीत कण्हणं ऐकू जात नाही."

म्हणजे आप्पांनी स्वतः! तपासणी करणाऱ्यानंच कोणाचं तरी आजारी पोर रस्त्यापलीकडे पोचवलं. कोणा बड्या माणसाचं असणार. अभ्यासक म्हणून मला घबाड मिळालं, आणि लेक म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही एकदमच. आनंद जास्त झाला की शरम, ते मला या पानालाही सांगवत नाही.

२० जानेवारी

आप्पांच्या हातातून चहाची कपबशी पडली. डॉक्टरांची चिठ्ठी — 'काय ठरवलंत?' उत्तर दिलं नाही.

२१ जानेवारी

शहापुरात गेले, गुणाबाईंच्या घरी. त्या रहाटावर कांड्या भरत होत्या. सरळच विचारलं — प्लेगच्या साली तुमच्या गल्लीत बेळगावातून एक पोर आणून ठेवलं होतं, कोणाच्या घरी?

रहाट थांबला.

"कशाला उकरत बसलीयास गं आक्का?"

"त्या पोरामुळे तुमच्या गल्लीतली माणसं मेली, गुणाबाई!"

"व्हय. मेली." मग तुटलेला धागा जोडत म्हणाल्या, "माझा भरमू बी त्यातच गेला."

भरमू! रोज हे हात माझ्या डोक्यावरून फिरले आणि त्यांना एक मुलगा होता हे मला आज कळतंय. मी म्हटलं, "मग राग नाही येत? पोर आणणाऱ्याचा? ठेवून घेणाऱ्याचा?"

"लई आला व्हता. पर करायचं काय त्या रागाचं? पोर तर जगलंतं."

एवढंच. रहाट पुन्हा फिरवायला लागल्या. निघताना माझ्या पदरात चार शेंगा घातल्या, लहानपणी घालत तशा.

मी रस्त्यानं चालता चालता त्यांची साक्ष प्रबंधात कुठं बसवायची याचा विचार करत होते. असली मी!

२३ जानेवारी

आज लिहू नये असं वाटतं. तरी लिहायचंच.

आजही लुगडं नेसून बसले. आप्पांचं बोलणं जड झालंय, शब्द चाचपडत येतात. पण ते साल अजून आत लख्ख आहे. एकदम माझा दंड धरला.

"गोदू, काखेतला कांदा टाक. साहेबानं तापाची नळी लावली तर खरंच ताप दिसेल. तुला घेऊन जातील."

त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"कोणीतरी चुगली केलीय, दत्तोपंताच्या घरात ताप आहे म्हणून. ते दारात आलेत. तू नुसती उभी राहा, चार शब्द बोलून खोळंबा कर. मी पोराला मागच्या दारानं काढतो. पण कांदा नको गं! तुला काही झालेलं नाही. तिथं गेलीस तर..."

पुढचं सांगायची गरजच नव्हती. शाळा चुकवायला पोरं काखेत कांदा धरतात, अंग तापतं म्हणून. माझी धडधाकट आई तो काखेत धरून पुढच्या दारात उभी राहिली. मीच ती तापकरी, असं म्हणाली. त्यांना रोगी मिळाला, तपासणी तिथंच थांबली. आणि मागच्या दारानं आप्पा पोर घेऊन गेले. परत येऊन तिला काही झालेलं नाही, असं म्हणायची सोय नव्हती. मग ताप कोणाचा, हा प्रश्न आलाच असता. तिला नेलं. त्या छपरातल्या माणसांत ठेवलं. तिथं तिला खरा प्लेग झाला.

आणि मग स्वतःच्या दारावर फुली आप्पांनी स्वतःच्या हातानं काढली असणार. ते त्यांचंच काम होतं.

मला असा राग आला! आप्पांचा, आईचा, त्या कार्ट्याचा. मी आईच्या लुगड्यात, आईच्या तोंडानं विचारलं, "लोकांच्या पोरासाठी मी का जाऊ?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या.

"लोकांच्या?"

पुढं ओठ हलले, आवाज फुटला नाही. उजवा हात मांडीवर तसाच पडून राहिला. मी त्यांच्या पायाशी बसून ओरडले, आप्पा, मी पद्मजा, बोला! पण नाहीच.

डॉक्टरांकडे टांगा पाठवला.

२४ जानेवारी

ऑपरेशन सुरू आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

लोकांचं नाही, तर मग आपलं. म्हणजे मला भाऊ होता का? कोणी कधी सांगितलं नाही. त्या भावाला वाचवायला आई गेली आणि भाऊही पुढं गेला असेल? पण गुणाबाई तर म्हणाल्या, पोर जगलं.

मी थांबायला नको होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे आता जन्मभर.

२ फेब्रुवारी

आप्पा वाचले. डोळे स्वच्छ आहेत. मला ओळखतात, दुपारीही ओळखतात. चौकटीकडे बघतसुद्धा नाहीत. डॉक्टर म्हणतात, पाणी सगळं निघालं, ते साल गेलं. उजवा हातही गेला आणि वाचाही गेली. "आठ दिवस आधी केलं असतं तर..." एवढं बोलून त्यांनी आप्पांचं पांघरूण नीट केलं. चांगला माणूस आहे.

६ फेब्रुवारी

आप्पांना घरी आणलं. ऊन खायला परसात बसवलं. मी त्यांच्या पुढ्यात बसून पेज भरवत होते. म्हटलं, "आप्पा, कोणाला नेलं होतंत पलीकडे? मान हलवून तरी सांगा."

त्यांनी डाव्या हातानं चमचा बाजूला केला. माझा हात धरून वर उचलला. पोलक्यावरूनच काखेत अंगठा दाबला, तपासणीवाले दाबून बघत तसा. बरोबर त्या व्रणावर. चाचपून बघितलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली — काही नाही, गेली गाठ. आणि हसले!

मी हात तसाच वर धरून बसले.

मागे गुणाबाई भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले होते. म्हणाल्या, "तू बरी झालीस तवा बी असंच बघितलं व्हतं आप्पांनी. माझ्याच घरात, मागाजवळ. भरमू जाऊन दोन रोज झालं व्हतं."

दोन वर्षं प्लेगच्या गाठींवर लिहितेय. स्वतःची काख उलटून बघितली नाही.

"आणि तरी तुम्ही रोज इथं आलात?" मी विचारलं. म्हणजे विचारलं असावं. आवाज माझा नव्हता.

"तुझी आय तुझ्यापायी गेली, माझा ल्योक बी तुझ्यापायी गेला," गुणाबाई म्हणाल्या. "मग तुला कोण टाकंल गं?"

७ फेब्रुवारी

प्राध्यापकांना कळवायचं. शहापुरातला पहिला रोगी सापडला. मुलगी, वय चार. जगली.