गव्हासारखं गवत

मंगरूळपीर,
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

चि. धम्मदीपा हिस,

आईचा जय भीम. मी बरी आहे, गुडघा अजून जागेवर आहे. पुण्यात थंडी कशी आहे? फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तुझं "हो आई" येतं आणि दोन मिनिटांत घर पुन्हा गप्प. तुझे बाबा गेल्यापासून इथे भांडायलाही कोणी नाही. कागदाला तरी मधेच "हो" म्हणता येत नाही.

तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. अश्वजितची आई कारंजाहून रोज फोन करून विचारते, नवरीची साडी कोणत्या रंगाची घ्यायची. त्याचं नंतर लिहिते.

सध्या शेषरावांच्या गव्हात निंदणाला जाते. काल माझ्या जोडीच्या शीलानं गवत म्हणून एक रोप उपटलं आणि जीभ चावली, गहूच होता. ते गवत ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. मी बुडाशी मोडून बघते, लालसर निघालं की गवत. तीस वर्षं यात गेली, माझा हात सहसा चुकत नाही.

बी.एस्सी.ला असताना सुट्टीत तू याच वावरात आली होतीस. म्हणालीस, "आई, याले असं दिसाले कोनं शिकवलं नाई. जे येगळं दिसते ते तू उपटून टाकतं. जे गव्हासारखं दिसते ते वाचते, त्याचंच बी पडते. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं का सारं गवतच तसं होते. लय काळ गेला त नवी जातच तयार होते."

"मंग हे म्याच केलं काय?"

"तू, तुयी माय, तिची माय."

"शिकून मायलेच दोष देऊन राह्यली," म्हणून मी हसले होते. काल बांधावर डबा उघडला आणि ते आठवलं. भाकरी तशीच घरी आणली.

तुला कबड्डी खेळायची होती. केस कापायचे होते. बाबांना त्यांच्या दारूबद्दल तोंडावर बोलायचं होतं. जे जे वर आलं ते मी तिथल्या तिथे उपटलं. लोक काय म्हणतील, या भीतीनं. मग तुझ्या तोंडी उरलं काय? "हो आई" आणि "बरं आई."

आता साडीचं. पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे ठेवून तू "हो" म्हणालीस. मी गावभर सांगितलं, पोरीच्या पसंतीनं ठरलं. खोटं सांगितलं. तुझं ते "हो" खरं नाही, हे मी त्याच क्षणी ओळखलं होतं, दीपा. ओळखून राहू दिलं. पुणे लांब आहे, कारंजा जवळ. लग्न झालं की तू रविवारी येशील, एवढाच माझा विचार होता.

पत्रिका अजून वाटल्या नाहीत. कारंजाला जाऊन मी त्या लोकांची माफी मागेन, बोलणी मी खाईन. अश्वजित तुला मनापासून आवडला असेल तर तेही लिही, पण का आवडला ते लिही.

नाहीतर मला नाही म्हण. रागाव, भांड. त्यानंतर तू कधी आली नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार. संध्याकाळी मला फार एकटं वाटतं, पोरी. तरी नाही म्हण.

तुझं पहिलं "नाही" ऐकायला बसलेली,
तुझी आई
दुर्गाबाई