पदर कोरा ठेवलाय

सुरत, मंगळवार

प्रिय तरु,

बारडोलीला गेल्यापासून तुझा एक फोन नाही. मी केला की तुझी वहिनी उचलते आणि म्हणते, "तरुबेन झोपल्यात." सकाळी केला तरी झोपल्यात, दुपारी केला तरी झोपल्यात. म्हणून आता कागदावर लिहितेय. पाठीचं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या भावाकडून, रमणीकभाईंकडून कळलं. यापुढे खुर्चीत तासन्‌तास बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस, तेही कळलं. "खुर्ची गेली म्हणजे काम गेलं." आणि लगेच स्टुडिओची किल्ली शेठकडे पाठवून मोकळी झालीस! इतकी वर्षं शेजारी बसले, मला विचारावंसंही वाटलं नाही? मला राग आलाय, तो आधी सांगून टाकते.

तुझं टेबल मी अजून कोणाला पुसू देत नाही. दोन मोठे स्क्रीन, आणि त्यांवर तुझा तो संसार! एकीकडे साडीचा पदर, त्याच्या बाजूला रंगांचे थर, खाली व्यापाऱ्याने पाठवलेला फोटो, गिरणीचा निरोप, मुलीच्या कॉलेजचा निकाल, कोपऱ्यात सोन्याचा भाव आणि या सगळ्यामागे कुठेतरी चालू असलेलं भजन. तुझा हात कुठून कुठे जायचा ते बघताना माझं काम राहून जायचं. जयंतीशेठ एकदा म्हणाले होते, "तरुबेन, एका वेळी किती कामं करता हो?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही मध्ये बोलला नाहीत तर सगळी." शेठ हसत हसत चहा सांगायला गेले. मी साडीचं मधलं अंग काढायचे, तू पदर काढायचीस. आणि शेजारणीने चार जोडून बघितल्याशिवाय काहीच बाहेर जायचं नाही. माझ्या एकाच नक्षीचे चार तुकडे कडेला कड लावून तू मांडायचीस, चष्मा काढायचीस, डोळे अर्धे मिटायचीस आणि मला ताटकळत ठेवायचीस. मग यायचं, "इथे जोडावर पान अडकलंय, पन्ना." तुझ्या तोंडून "चालेल" ऐकायला मी किती वेळा तरसले आहे.

आता इथली बातमी. शेठच्या सुनेने, मौलिकाने, मला एक टॅबलेट आणून दिला. आम्ही त्याला पाटी म्हणतो. सुरुवातीला मी तिला तोंडावर म्हटलं, "बेटा, यावर आमच्या तरुबेनचं अर्धं टेबलसुद्धा मावायचं नाही." खोटं नव्हतं ते. पाटीवर फार तर दोन कामं शेजारी शेजारी बसतात. तिसरं आगाऊ पाहुण्यासारखं कडेने घुसतं आणि नेमकं फुलावर येऊन उभं राहतं. शिवाय पाठ फिरवली की पाटी डुलक्या घेते. पहिल्याच आठवड्यात मी गिरणीला नक्षी पाठवायला लावली आणि ती जायच्या आतच गिरणीतल्या हर्षदभाईंना निरोप लिहायला वळले, "पाठवली!" निरोप गेला, नक्षी अर्ध्यावरच थांबली. कॉम्प्युटरवर ती मागच्या मागे गेली असती. तिकडे छपाईचं टेबल अडून बसलं होतं. हर्षदभाईंचा फोन आला, "पन्नाबेन, फुलं पायी येतायत की रिक्षाने?" आता मी नक्षी पोचेपर्यंत पाटीसमोरून हलत नाही.

पण तरु, या पाटीवर माझा जीव जडलाय. कॉम्प्युटरवर हात टेबलावर आणि डोळे समोर असायचे. इथे जिथे डोळा तिथेच पेन. दोन बोटं पसरली की एक पाकळी, मिटली की अख्खी साडी. डावीकडे जुन्या साडीचा फोटो ठेवायचा, उजवीकडे आपला कोरा कागद, आणि तिकडचा रंग बोटाने ओढून इकडे आणायचा. दोनच गोष्टी समोर, त्यामुळे डोकं शांत राहतं. मोठ्या कामाला आपला कॉम्प्युटरच खरा, रंग वेगळे करायला घेतले की ही बिचारी धापा टाकते. पण ते शेवटचं काम मी इथे स्टुडिओत बसून करू शकते. फूल उमलतं ते मात्र पाटीवर.

गेल्या आठवड्यात शेठ म्हणाले की पुढच्या महिन्यापासून तुझ्या जागी नवी बाई घेतोय. मी म्हटलं, "टेबल खुशाल द्या, जागा देऊ नका. तरु काय टेबलातून पदर काढत होती?" ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "पन्नाबेन, झोपून कोणी साडीची नक्षी काढली आहे का? काढून दाखवा, जागा तरुबेनची." शनिवारी हिरव्या ज्वारीचे पोंकवडे आणले, तेव्हाच नक्षीला कणसं घ्यायची ठरवलं.

म्हणून रविवारी सकाळी मी आडवी झाले. डॉक्टरांनी तुला सांगितलंय तशी पाठ सपाट, गुडघ्यांखाली उशी. खाटेला मोबाइल अडकवायचा असतो तसला लांब दांडा लावला आणि पाटी तोंडासमोर टांगली. सासूबाईंना वाटलं मी आजारी पडले. त्यांनी बाजरीच्या पिठाची गरम राब करून आणली, शेजारच्या कोकिलाबेनला हाक मारली, त्या तुळशीचा काढा घेऊन आल्या. "काय झालं गं हिला?" मी म्हटलं, "काही नाही, आज मी तरु झालेय." पेन दोनदा नाकावर पडलं, खांदा भरून आला, आणि तुला दिवसभर छत बघत काय वाटत असेल ते कळून मी थोडी रडलेही. पण दिवेलागणीपर्यंत अंग पुरं झालं, ज्वारीच्या हिरव्या कणसांचं. काल शेठना दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी एकेक कणीस मोठं करून बघितलं, मग खण उघडून तुझी किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. या पत्राबरोबरच्या खोक्यात ती किल्ली आहे, दांडा आहे आणि पाटी आहे. पाटी उघड. डावीकडे माझं अंग आहे, उजवीकडे पदर कोरा ठेवलाय. पण आधी चष्मा काढ आणि माझे चार जोडून बघ. कुठेतरी एक कणीस अडकलंय, मला काही केल्या सापडत नाही. तू "चालेल" म्हणेपर्यंत ही साडी मी गिरणीत जाऊ देणार नाही.

तुझ्या शेजारचीच,
पन्ना