पाच ते सात लाल एप्रन

दि. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं होत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. तू जेवलीस का विचारेपर्यंत कुठल्यातरी बेडची घंटा वाजते आणि मी पळते. म्हणून बसमध्ये मांडीवर वही ठेवून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

काम आहे तुझ्याकडे. मला एक लाल एप्रन शिवून दे, गळ्यात अडकवायचा, गुडघ्यापर्यंत. वॉर्डात औषधांची ट्रॉली फिरवताना आम्ही तसा घालतो. तो अंगावर असला की त्या सिस्टरशी कुणी बोलायचं नाही, अगदी डॉक्टरांनीही नाही. औषध देताना लक्ष चुकलं तर पेशंटच्या जिवावर बेततं. दिवसभरात तेवढाच वेळ मला सलग मिळतो. तसे दोन तास मला घरी हवेत.

गेल्या वर्षी पुढच्या पदवीचा एक विषय राहिला. यंदाही राहिला तर माझं नाव कमी होईल, मग पुन्हा प्रवेश नाही. ड्यूटीवरून येऊन पाचला पुस्तक उघडते. भिंगरीचे बाबा छापखान्यातून सातला येतात, आणि तोवर तुझी ही लाडकी भाची दर दोन मिनिटांनी दार ढकलते. पेन्सिल कुठाय, मुंगीला झोप येते का, मी तुझ्याएवढी झाले की तू केवढी होशील! मी ओरडते, मग ओरडले म्हणून मलाच रडू येतं, आणि पान तसंच राहतं. जीव नुसता इकडून तिकडे धावतो गं, कुठे टेकत नाही.

मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी,
बारकी


दि. ११ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

एप्रन पाठवलाय. कापड पक्कं आहे, रंग जाणार नाही. शिवताना गिऱ्हाइकांनी विचारलं, कुणासाठी. म्हटलं, आमच्या धाकट्या बहिणीला घरात सिग्नल व्हायचंय.

अगं, पण सात वर्षांच्या पोरीशी बोलायचं नाही म्हणजे काय? मला काही हे पटत नाही. परीक्षेपर्यंत तिला माझ्याकडे पाठव, असं मागेही म्हटलं होतं. पण तू विचारतेस कुठे, तू फक्त माप सांगतेस! लहानपणापासून तुझं हेच, एकदा डोक्यात घेतलंस की घेतलंस.

जेवत जा. उभ्याने नाही, बसून.

इकडचे आशीर्वाद रोजचेच आहेत, ते धरून चाल.
ताई


दि. २२ ऑगस्ट

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून घाबरू नका. घाबरण्यासारखं होतं ते मागच्या मंगळवारी होऊन गेलं. भिंगरीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. काल घरी आणलं, आता बरी आहे.

तुमच्या एप्रनने घरात जादूच केली होती. वॉर्डातलं कारण हिने पोरीलाही समजावलं होतं, त्यामुळे लाल रंग दिसला की ती चवड्यांवर मागे फिरायची. सुट्टीच्या दिवशी मीसुद्धा चहाचं विचारायला बिचकायचो. हिचा अभ्यास खरंच मार्गी लागला होता.

मंगळवारी भिंगरी खेळून आली ती पोट धरूनच. दारातून डोकावली, आईच्या अंगावर एप्रन होता. मग बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. दोनदा ओकली, फडकं आणून स्वतःच पुसलं. सातला हिने दार उघडलं तेव्हा पोरगी तापाने फणफणत होती. आणखी उशीर झाला असता तर निभावलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हाक का मारली नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, आई चुकली की माणूस मरतो ना.

ते ऐकलं आणि हिने अभ्यासच सोडला. पुस्तकं पलंगाखाली सारलीत. नाव काढून घ्यायचा अर्ज लिहून तयार आहे, एक तारखेला देणार म्हणते. ड्यूटीला जाते, येते, पोरीच्या कपाळाला हात लावून बसते. माझं काही चालत नाही. तुम्ही चार शब्द लिहा.

आपला स्नेह आहे म्हणून एवढं मोकळं लिहिलं.
भिंगरीचे बाबा


दि. २५ ऑगस्ट

चि. बारकीस,
अ. उ. आ.

रडून झालं असेल तर वाच. झालं नसेल तरी वाच.

एप्रन मी शिवलाय. मनात पाल चुकचुकली होती, तरी शिवला. तेव्हा चूक वाटून घेऊ, सगळी एकटीने लाटू नकोस. आता मला एक सांग. मी शिलाईवाली, मला दवाखान्यातलं काही कळत नाही. तुमच्या वॉर्डात एखादा पेशंट धाडकन पडला, तर लाल एप्रनवाल्या सिस्टरला हाक मारायची नाही असा नियम आहे का? नसेल, तर ते भिंगरीला सांगितलं होतंस का?

आणि अर्ज देणार म्हणे! उद्या पोरगी मोठी होईल, तेव्हा तिला काय सांगशील? तू आजारी पडलीस म्हणून माझं शिक्षण सुटलं, असं? एवढ्याशा जिवावर एवढं ओझं टाकतेस? शहाणी ना तू?

रागावलेय, पण रागाखाली काय आहे ते तुला ठाऊक आहे.
ताई


दि. १९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नियम तसा नाही, ताई. पेशंटला धोका असेल तर एप्रन असो नसो, हाक मारायचीच. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हे मीच सांगते. घरी मात्र नुसता अर्धा नियम आणला. वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पोटच्या पोरीला सांगायचं सुचलंच नाही. तुझं पत्र वाचलं आणि ही चूक मला पहिल्यांदा नीट दिसली. लाज वाटली. अर्ज फाडला, पण सुटल्यासारखं काही वाटलं नाही. तिला जवळ घेऊन नियमाचा उरलेला अर्धा भाग सांगितला. ती ऐकून नुसती हं म्हणाली.

आता दार उघडं ठेवून बसते. काल पाऊण तास झाला तरी भिंगरी एकदाही आत आली नाही. मला एक ओळ वाचवेना. उठून बघून आले, चित्र रंगवत होती. बसले, पुन्हा उठले. मग पाण्याचं निमित्त काढलं. पुढच्या खेपेला गेले, तेव्हा तिने मान वर न करताच सांगितलं की तिला काहीही झालेलं नाही, दुखलं तर ती मोठ्याने हाक मारेल, आणि मी आता सारखं येऊन तिला थांबवू नये, कारण तिला काम आहे.

हसावं की रडावं कळेना. आत आले, पुस्तकासमोर बसले. सातपर्यंत उठले नाही, ताई. कशी बसले ते माझं मला माहीत. उद्या पेपर आहे.

रागाखालचं जे आहे ते तसंच राहू दे.
तुझी,
बारकी