ह्यांचा शार्क

४ मार्च

चि. सौ. वन्सं यांस,
अनेक आशीर्वाद, नको असले तरी.

ह्यांच्या त्या शेवटच्या सकाळी कपबशा विसळून झाल्या होत्या, दूध गॅसवर होतं, मी ओटा पुसत होते आणि बाहेरच्या खोलीतून ह्यांनी ओरडून कळवलं की मगरीने त्यांना पुन्हा गिळलं. मी म्हटलं, आधी अंघोळ उरकून घ्या, मग खुशाल गिळू दे. तेवढ्यात दूध उतू गेलं. फडका सापडेपर्यंत ते आणखी एकदा मरून आले होते. खेळातला शार्क मेला की गुहेतून पुन्हा निघतो. असली सोय आपल्याकडे नाही.

आजारपणात मन रमावं म्हणून तुम्ही भावाला दिलेला तो शार्कचा खेळ, ते गेल्यावर आठ महिन्यांनी, मी काल उघडला. वाचायला मी लग्नानंतर माझी मीच शिकले, म्हणून छापलेलं दिसलं की सोडवत नाही. सूचनांची सगळी पानं वाचली. वन्सं, तुमच्या भावाने कमालच केली. हाडांचा जबडा, विजेचे पर, विषारी शेपूट, शिकारी करकरून सगळं मिळवलं आणि एकही अंगावर चढवलं नाही! गुहेत जाऊन चढवल्याशिवाय त्यातलं काहीच चालत नाही. घड्याळजी ना! दुकानातही नवे भाग डबीत आणि जुनाच काटा तासून लावायचे. पडद्यावरचा जबडा झिजेल अशी भीती वाटली असणार.

शिकारीतून जमलेलं खाद्यही तसंच पडून आहे. ते लावलं की शार्कचं पिल्लू मोठं होतं, मात्र पुन्हा लहान होत नाही. मी लावून पाहीन म्हणते.

लोभ आहे तेवढा राहू द्या, टोमणे कमी केलेत तरी चालेल.
वहिनी


११ मार्च

ती. वहिनीस,
नमस्कार. हात लावू नकोस.

तुझं पत्र वाचता वाचता शिवणयंत्राची सुई बोटात गेली. रिमोटमध्ये सेल उलटे घालणारी बाई तू, तू आता दादाला शहाणपण शिकवणार? त्याच्या बोटांनी हलवलेली शेवटची वस्तू तो शार्क आहे. तो लहान आहे तर लहान राहू दे. मोठा केलास की तो तुझा होईल, त्याचा राहणार नाही.

आणि तुला वाटतं तसा तो बावळट नव्हता. त्याने मला फोनवर सांगितलं होतं की मगर मेली की खेळ संपणार, मग सकाळचं काय करायचं? म्हणून तो काही चढवत नव्हता. तुला सांगू नकोस म्हणाला, तू हसशील म्हणून. आता हस.

मी रविवारी येऊन ते खेळाचं यंत्र घेऊन जाणार आहे. तोवर त्यावर फडकासुद्धा फिरवू नकोस.

रागावले आहे, तरी लोभ आहेच.
तुझी नणंद


१६ मार्च

चि. सौ. वन्सं यांस,
आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तुमचं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. त्यांनी तुम्हाला सांगितलं, मला नाही. मी दहा पावलांवर ओट्यापाशी होते. त्यांना खेळता येत नाही असं समजून रोज हसायचे, आणि ते मला हसू देत होते. राग तुमच्यावर काढू की त्यांच्यावर, हे कळेना, म्हणून सगळी कपाटं पुसून काढली.

संध्याकाळी सूचना पुन्हा उघडल्या. नवव्या पानावर, जे मागच्या वेळी मी नुसतंच वाचून गेले होते, लिहिलंय की मगर मारली की खाडीची वाट मोकळी होते, पुढे आणखी सहा समुद्र आहेत. सहा, वन्सं! ज्या शेवटाला घाबरून हा माणूस रोज सकाळी स्वतःला गिळवून घेत होता, तो शेवट नव्हताच. लोकांची घड्याळं भिंग लावून बघितली जन्मभर, आणि एवढं एक पान उलटलं नाही.

तुम्ही म्हणता, त्याला आहे तसा ठेव. अहो, आहे तसा म्हणजे मगरीपुढे.

रविवारी जेवायलाच या. यंत्र न्यायचं की नाही, ते समोरासमोर भांडू. लोभ कमी झाला असेल तर येताना थोडा भरून आणा.
वहिनी

ता. क. हे सगळं परवाचं. दुसऱ्या दिवशी मी गुहेत जाऊन जबडा, पर, शेपूट चढवलं, त्याला मोठा केला आणि मगर मारली.